कलम सत्तावीस आणि अकरा वह्या

घर घेताना माझ्या हातून एकच चूक झाली. मी कर्जाचे कागद वाचले.

शहाणी माणसं असलं काही करत नाहीत. बँकेतला कारकून पेन्सिलीनं बारीक फुल्या मारून ठेवतो, त्या फुल्यांवर सह्या करायच्या, साहेबांशी हात मिळवायचा आणि बाहेर येऊन सगळ्या नातेवाइकांना फोन करायचे, अशी जगाची रीत आहे. मी मात्र त्रेचाळीस पानं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. यात दोष माझा नाही, धंद्याचा आहे. वजनकाट्यांच्या कारखान्यात एकवीस वर्षं मी शेवटच्या टेबलावर होतो. तयार काटा माझ्यासमोर यायचा. मी त्यावर एकेक प्रमाणित वजन ठेवायचो. काटा खरं बोलला तर पकडीनं शिशाचं सील दाबून त्याला जगात सोडायचा, खोटं बोलला तर आल्या वाटेनं परत. एकवीस वर्षं हेच केल्यावर माणूस कशावरही विश्वास टाकण्याआधी त्यावर वजन ठेवून बघतो. सासरेबुवांनी लग्नात दिलेलं घड्याळसुद्धा मी आठवडाभर तपासून मगच हातात बांधलं होतं. ते अजून मला ऐकवलं जातं.

कर्ज विभागाच्या अधिकारी बाई समोर बसून होत्या. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. दुसऱ्या अर्ध्या तासात त्यांनी माझी परवानगी घेऊन डबा खाल्ला. एकोणिसाव्या पानावर मी त्यांना दाखवलं, की आमचं घर एका ओळीत तळमजल्यावर आहे आणि पुढच्याच ओळीत ते पहिल्या मजल्यावर चढलं आहे. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही ओळी वाचल्या, चूक दुरुस्त केली, बाजूला सही केली आणि म्हणाल्या, "बारा वर्षांत हे कागद वाचणारे तुम्ही पहिलेच."

हे कौतुक होतं की तक्रार, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. एकूण सव्वादोन तास लागले. वाचता वाचता सत्ताविसावं कलमही वाचलं गेलं. कर्जदाराच्या नोकरीत, व्यवसायात अथवा उत्पन्नात काही बदल झाल्यास त्याने तो सात दिवसांच्या आत बँकेस लेखी कळवावा. मी मनातल्या मनात हसलो. माझ्या नोकरीत कसला बदल होणार? टेबल बदला म्हणून मी नऊ वर्षं अर्ज करत होतो, तेसुद्धा झालं नव्हतं.

दहाव्या दिवशी नोकरी गेली.

धाकट्या साहेबांनी परदेशातून एक यंत्र आणलं होतं. काटा त्याच्या एका बाजूनं आत जायचा आणि दुसऱ्या बाजूनं चिठ्ठी चिकटवून बाहेर यायचा. टेबल तर बदललंच, वर आम्ही पंधरा माणसंही बदललो. निरोप समारंभ झाला. मला भेट म्हणून काटा देण्यात आला. यंत्रानं पास केलेला. समारंभात तपासणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी तो घेऊन आधी साडूंच्या घरी गेलो आणि तिथं तपासला. किलोमागे चार ग्रॅम जास्त दाखवत होता. नोकरी गेल्याचं दुःख मला त्या क्षणी झालं. तोवर नुसता धक्का होता.

आता काय पणाला लागलं होतं ते एकदा सांगतो, म्हणजे पुढचा माझा मूर्खपणा नीट जोखता येईल. भाड्याच्या दोन खोल्यांत आमची बायको पाळणाघर चालवते. आठ मुलं. वरच्या मजल्यावर घरमालक, आणि त्यांना रडण्याचा त्रास होतो. त्यांनी महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं होतं. म्हणून तळमजल्यावरची, पुढं छोटं अंगण असलेली जागा बघितली, आमची होती नव्हती ती शिल्लक इसार म्हणून दिली, आणि उरलेली रक्कम बँक देणार होती. तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पैसे पोचले नाहीत तर इसार बुडणार होता. घर विकणारे गृहस्थ निवृत्त घड्याळजी. त्यांच्या बैठकीत अकरा घड्याळं होती आणि अकराही एकाच क्षणी ठोके देत. एक दिवसाची सवलत द्या म्हणावं, असा तो माणूस नव्हताच. थोडक्यात, एक तारखेला आमच्याकडे जुनं घर नसणार, नवं नसणार, शिल्लक नसणार, आणि आठ आया कामावर जायच्या तयारीत दारात उभ्या.

हे सगळं बायकोला कसं सांगायचं? साडूंना विचारलं. साडू विमा विकतात. त्यामुळे भविष्यात काय काय वाईट होऊ शकतं याचं त्यांना सखोल ज्ञान आहे, आणि ते न सांगण्याचंही. त्यांनी योजना आखून दिली. कुणालाही काही बोलायचं नाही. रोज आठला डबा घेऊन बाहेर पडायचं, सहाला परत यायचं. तीस तारखेला बँकेनं पैसे सोडले की मग नोकरी गेली म्हणून खुशाल रडायचं, वाटल्यास तेही रडायला येतील. काटा त्यांनी सांभाळायला ठेवून घेतला. पुढं कळलं की त्यावर ते स्वतःचं वजन करत होते आणि वाढतंय म्हणून हवालदिल झाले होते. चार ग्रॅमचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. माणसाला थोडी धास्ती चांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डबा घेऊन मी निघालो आणि दोन चौक सोडून असलेल्या बागेत गेलो. कारंज्याजवळचा बाक बरा वाटला. तिथं आमच्या कारखान्याचा रंगारी इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, मांडीवर डबा. पलीकडच्या बाकावर सुट्या भागांचे भांडारपाल. डबा. झाडाखाली आमचे आस्थापना कारकून, ज्यांना सगळा कारखाना 'दाखला' म्हणे, कारण कसलाही दाखला असो, तो त्यांच्याच हातून निघायचा. आम्हाला कमी केल्याची पत्रंही त्यांनीच टंकली होती. चौदा पत्रं टंकून झाल्यावर साहेबांनी पंधराव्याचा मजकूर दिला, तो त्यांचा होता. त्यांनी तोही विनाचूक टंकला आणि स्वतःची पोच स्वतः घेतली. या माणसाला मी मनातून नमस्कार करतो. त्या दिवशी मात्र आम्ही एकमेकांना, सहज सुट्टी घेतली, असं सांगितलं. चौघांनीही. साडेबाराला चौघांनी चार दिशांना तोंडं करून डबे खाल्ले.

असे चार दिवस गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, मुलं गेली होती, आणि बायको दारातल्या पायपुसण्यापाशी बसून लोहचुंबक फिरवत होती. हे ती रोज करते. काट्यांच्या कारखान्यात लोखंडाचा कीस फार. तो माझ्या बुटांना आणि पँटच्या दुमडीत बसून घरी यायचा. रांगणारी मुलं जमिनीवर सापडेल ते तोंडात घालतात, म्हणून पाळणाघर सुरू केलं त्या वर्षी तिनं माझ्याकडूनच एक चुंबक मागवून घेतला होता. रोज संध्याकाळी चुंबकाला काळी दाढी फुटायची आणि ती कागदावर झटकून फेकून द्यायची.

तिनं तो चुंबक माझ्यासमोर धरला. स्वच्छ होता.

"चार दिवस झाले, असाच आहे," ती म्हणाली. "नोकरी कधी गेली?"

दुसऱ्या एखाद्या बाईनं नवऱ्याचे खिसे तपासले असते, फोन बघितला असता, कारखान्यात कुणाला तरी विचारलं असतं. हिनं बूट तपासले. एकवीस वर्षं मी कारखान्याचा तपासनीस म्हणून मिरवलो आणि घरी आल्यावर रोज संध्याकाळी माझीच तपासणी होत होती, तीसुद्धा मला पत्ता लागू न देता. मी पायपुसण्यावरच बसलो आणि सगळं सांगितलं. बाग, बाक, डबे, साडू. ती रागावली नाही. चार दिवस डबा गार खाल्ला का, एवढंच विचारलं. मग म्हणाली, ते कागद काढा. मी काढले. कुठलं कलम ते विचारलं. मी पान उघडून दिलं. तिनं सत्तावीस वाचलं.

"उरले तीन दिवस. बँकेत कळवायचं," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. आवाज न चढवता, कारण वर घरमालक. कळवलं तर कर्ज थांबेल, इसार बुडेल. आजवर बँकेच्या कुठल्या कर्जदारानं हे कलम पाळलं असेल? कुणी वाचलेलंच नाही ते.

"ज्यांनी वाचलं नाही त्यांचं सोडा," ती म्हणाली. "तुम्ही वाचलंय."

ही शिकवण माझीच होती, म्हणूनच ती जास्त लागली. वीस वर्षांच्या संसारात आपण बायकोसमोर झाडलेली भाषणं तिनं ऐकली नव्हती, या समजात नवरा सुखानं जगत असतो.

साडूंना फोनवर हे कळलं आणि साडूंकडून सगळ्यांना. रात्रीच्या जेवणाआधी समोरचे निवृत्त हेडक्लार्क येऊन गेले. त्यांचं मत असं पडलं, की जे कागदावर आलेलं नाही ते सरकारदरबारी घडलेलंच नाही. त्यामुळे मी अजून नोकरीत आहे असं मनाशी धरून चालावं. साडूंनी बायकोच्या नावे निरोप ठेवला, की खरं बोलायला उभं आयुष्य पडलंय, तीस तारखेनंतर. घरमालकांनीसुद्धा जिन्यात थांबून सहानुभूती दाखवली आणि जागेची तारीख तीच आहे ना, याची खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत गेलो. अधिकारी बाई घरभेटींसाठी बाहेर पडल्या होत्या. खिडकीवरच्या कारकुनाला मी सांगितलं, की नोकरी गेल्याचं कळवायला आलोय. त्यानं कळवण्याचे सगळे नमुने काढून दाखवले. पत्ता बदलल्याचा, नाव बदलल्याचा, सही बदलल्याचा, वारस बदलल्याचा. नोकरी गेल्याचा नमुना नव्हता. म्हणाला, साधा अर्ज लिहा, पण कारखान्याचा दाखला जोडा. उद्या कुणीही येऊन नोकरी गेली म्हणेल, बँकेनं कशावर विश्वास ठेवायचा? मी त्याला विचारलं, की नोकरी गेली असं खोटं सांगून कर्जदाराला काय मिळणार? तो म्हणाला, ते नियमात लिहिलेलं नाही, पण काहीतरी मिळत असणार, नाहीतर तुम्ही एवढे धडपडला नसता.

भर दुपारी घरी परतलो तर दाराला कडी नव्हती आणि आत शांतता. दीड ते साडेतीन मुलं झोपतात. त्या दोन तासांत आमच्या घरात कुणी बोलत नाही, भांडं वाजत नाही, नळ सोडला जात नाही. आठांपैकी सर्वांत धाकटी तेवढी खांद्यावरच झोपते. बायकोनं ती माझ्या खांद्यावर दिली आणि खुणेनं येरझारा घाला म्हणून सांगितलं. बेकार झाल्यापासून माझी ही पहिली नेमणूक.

तिसऱ्या येरझारीला दारात अधिकारी बाई उभ्या. पैसे सोडण्यापूर्वीची घरभेट आमच्याकडेच होती.

बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. बारा वर्षं कर्जदारांना थरथर कापायला लावणाऱ्या त्या बाईंनी मुकाट्यानं चपला काढल्या आणि मुलांच्या लाल लाकडी खुर्चीवर बसल्या. खुर्ची नऊ इंच उंच. फायलीतून तक्ता काढून त्यांनी कुजबुजत विचारायला सुरुवात केली. नाव. वय. कुटुंबात किती जण. मी येरझारा घालत कुजबुजत उत्तरं देत होतो. मग त्यांनी कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता घरी असलेल्या माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या मुलीकडे पाहिलं आणि पेन तक्त्यावर टेकवून कुजबुजल्या, "नोकरी तीच आहे ना?"

खरं सांगतो, माझ्या तोंडून 'हो' निघणार होतं. म्हणजे अर्ज द्यायचाच होता, पण दाखला आल्यावर. दाखला यायला पंधरा दिवस लागले असते, तोवर तीस तारीख. एका अक्षराचा प्रश्न होता. शिवाय कुजबुजलेलं 'हो' हे मोठ्यानं म्हटलेल्या 'हो' इतकं खोटं नसतं, असंही मला त्या वेळी वाटून गेलं.

"ह्यांची नोकरी गेलीय," बायको कुजबुजली. "सकाळी ते बँकेत तेच सांगायला आले होते. तुम्ही नव्हता."

बाईंनी पेन उचललं. माझ्याकडे पाहिलं. 'वाचणारे गृहस्थ' असं त्यांच्या मनात आलं असावं. मग त्यांनी तक्त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि त्याच हळू आवाजात सांगितलं, की कर्ज त्यांना थांबवावं लागेल. लेखी अर्ज आणि दाखला आणून द्या, म्हणजे निदान तुमच्या बाजूनं कलम पाळलं गेलं अशी नोंद राहील. एवढं सांगून त्या उठल्या, तेव्हा ती लाल खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. बायकोनं ती आवाज न करता सोडवली. एकाही मुलाची झोप मोडली नाही. आमचं घर मात्र गेलं होतं.

त्या संध्याकाळी मी बायकोशी बोललो नाही. म्हणजे तसं ठरवलं होतं. तिनं मला धाकटीची दुपटी घड्या घालायला दिल्यामुळे ते तिच्या ध्यानात आलं नाही.

दाखल्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर तीस तारीख इथंच उजाडेल. कारखान्यात गेलो. व्यवस्थापक म्हणाले, दाखले आमचे 'दाखला' देत असत, आता ते नाहीत. ते नाहीत म्हणून दाखला नाही, आणि मी नाही हे कळवायचं तर दाखला हवा. मी बागेत गेलो. 'दाखला' बाकावर होते. अडचण ऐकून त्या माणसाचा चेहरा जो उजळला, तो पाच दिवसांत प्रथमच. घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या कागदावर योग्य नमुन्यात दाखला लिहिला, जावक क्रमांकाची जागा सोडली, आणि माझ्याबरोबर कारखान्यात येऊन आपल्याच जुन्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभं राहून व्यवस्थापकांना, सही कुठं करायची आणि शिक्का कुठल्या खणात आहे, ते सांगितलं. खणाची किल्ली त्यांच्याच खिशात निघाली. ती परत केल्याची पोच मागायलाही ते विसरले नाहीत. तिथं आलोच आहोत तर, म्हणून त्यांनी आम्हा पंधरा जणांचे हिशेब काढून दिले आणि पंचवीस तारखेच्या आत पैसे मिळतील असं पाहिलं. ते काम कुणाचं आहे, हे व्यवस्थापकांच्या लक्षात येईपर्यंत ते झालं होतं.

सातव्या दिवशी, मुदत संपायला दोन तास असताना, मी अर्ज आणि दाखला बँकेत दिला. अधिकारी बाईंनी शिक्का मारून पोच दिली. माझ्या आयुष्यातली सर्वांत नियमबद्ध बेकारी.

मला वाटलं, संपलं. घड्याळजींना जाऊन सांगावं आणि इसारावर पाणी सोडावं. बायको म्हणाली, अजून बारा दिवस आहेत. मग तिनं तोच कागदांचा गठ्ठा मागितला आणि दोन दिवस मुलं झोपली की दुपारी वाचत बसली. एकतिसाव्या पानावर ती थांबली. स्वयंरोजगार असलेला अर्जदार, तीन वर्षांच्या नियमित नोंदी दाखवल्यास. ते कलम मीही वाचलं होतं. पण वाचताना मला माझा साडू आठवला होता. बायको आठवली नव्हती. ही नोंद मी मुद्दाम करून ठेवतोय, कारण माझ्या बाजूच्या चुकांत ती कुठं वर येते ते मला ठाऊक आहे.

शनिवारी दोन पिशव्या घेऊन आम्ही बँकेत गेलो. पिशव्यांत अकरा वह्या. पाळणाघर सुरू झालं त्या दिवसापासून ती एक वही ठेवते. पानावर पाच रकाने. मुलाचं नाव, आला, गेला, नेणाऱ्याची सही आणि शेवटी फी. मूल दारात आलं की घड्याळ बघून वेळ लिहायची, न्यायला आलेल्याची सही घेतल्याशिवाय मूल सोडायचं नाही. मग ती सख्खी आई का असेना, आणि बाहेर रिक्षा का थांबलेली असेना. या वह्यांना मी पाहुण्यांसमोर 'राजपत्र' म्हणत असे. पाहुणे हसत. तीही हसायची आणि वेळ लिहायची.

आधी अधिकारी बाईंनी नाही म्हणून सांगितलं. पाळणाघर म्हणजे घरगुती काम, पगाराची पावती नाही, कसं धरणार? बायकोनं एकतिसावं पान उघडून समोर ठेवलं. बाईंनी ते वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"आता मी वाचते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिली वही ओढली.

दोन तास चाळीस मिनिटं. माझा विक्रम मोडला. त्या कुठलीही चार पानं बघून मान डोलावणाऱ्यांतल्या नव्हत्या. एकेक ओळ बोटाखाली घेत होत्या, मध्येच फीची बेरीज करत होत्या, मागची वही काढून ताडून बघत होत्या. तीन नावं निवडून त्यांनी आमच्यासमोरच त्या आयांना फोन लावले. दोघींनी रकमा बरोबर सांगितल्या. तिसरीनं रकमेबरोबर, पाळणाघराच्या बाई अजून रोज मुलांची नखं तपासतात का, असंही विचारलं. माझ्या शेवटच्या टेबलाची मला इतकी आठवण कधी आली नव्हती. कामात बुडालेला तपासनीस बघणं हे सुख आहे. फक्त तपासला जाणारा माल आपला नसावा.

सहाव्या वहीत त्यांचं बोट थांबलं.

एका मुलाचं नाव. आला, आठ वाजून दहा मिनिटं. गेला, रकाना कोरा. सही नाही. फी नाही. बाईंनी वही फिरवून आमच्यासमोर धरली. आवाजात आनंद नव्हता, पण तपासनिसाचं ते जे असतं ते होतं.

"नोंदीप्रमाणे हा मुलगा अजून तुमच्याच घरात आहे."

आता गंमत वाटते. त्या वेळी मात्र मी खरोखर, आपण निघालो तेव्हा घरात कोण कोण होतं ते आठवू लागलो. एका कोऱ्या रकान्यापायी अकरा वह्या खोट्या ठरणार होत्या. मी स्वतः असा काटा परत पाठवला असता.

बायको म्हणाली, "पान उलटा."

बाईंनी उलटलं. दुसऱ्या दिवसाची तारीख. तेच नाव. 'आला' या रकान्यात वेळ नव्हती, दोन शब्द होते. इथेच होता. गेला, अकरा वाजून वीस मिनिटं. पुढं त्याच्या आईची सही, वेडीवाकडी, ओळीखाली उतरलेली.

तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी त्या मुलाची आई कामावर चक्कर येऊन पडली होती, तिला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. वडील बाहेरगावी. निरोप आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. मूल माझ्या पलंगावर झोपलं आणि मी टेबलाखाली सतरंजीवर. पाठ धरली म्हणून मी आठवडाभर कारखान्यात सगळ्यांना सांगत होतो. मला त्या रात्रीची पाठ तेवढी लक्षात राहिली होती.

"फीचा रकाना रिकामा आहे," बाई म्हणाल्या.

"रात्रीचा दर ठरलेला नव्हता," बायको म्हणाली.

बाईंनी वही मिटली. उरलेल्या पाचही वाचल्या, सोडल्या नाहीत. पण मला वाटतं, त्या पुढं तपासत नव्हत्या, नुसत्या वाचत होत्या. शेवटी बेरजा मांडून त्यांनी सांगितलं, की आता पहिली कर्जदार बायको. पूर्वीच्या रकमेच्या तीन चतुर्थांश मिळेल, हप्ता बेताचा, मुदत लांब. उरलेला चौथा हिस्सा कारखान्याकडून येणाऱ्या पैशांत जेमतेम बसत होता, म्हणजे 'दाखल्या'नं बसवला होता. मग नवा अर्ज भरताना त्यांनी माझ्याकडे पेन रोखून विचारलं, की सहअर्जदाराचा व्यवसाय काय लिहू?

"पाळणाघरात मदतनीस," बायको म्हणाली. "अजून कायम केलेलं नाही."

नवे कागद एकोणतीस तारखेला तयार झाले. पुन्हा त्रेचाळीस पानं, पुन्हा पेन्सिलीच्या फुल्या. या वेळी बायकोनं सगळी वाचली आणि मी मुलं सांभाळत घरी थांबलो, दुपारी जाऊन फुल्यांवर सह्या केल्या. एक अक्षरही वाचलं नाही. ज्यावर तिची सही आहे त्यावर मी पुन्हा वजन ठेवून काय बघणार? तीस तारखेला चार वाजून चाळीस मिनिटांनी बँकेचा कागद घड्याळजींच्या हातात पडला. वीस मिनिटं आम्ही तसेच बसून राहिलो, कारण त्यांना किल्ली पाचलाच द्यायची होती. अकरा घड्याळांनी ठोके दिले आणि त्यांनी ती दिली.

साडू सांगतात, की नोकरी गेली हे बेधडक सांगून टाका, असा सल्ला त्यांचाच होता. हेडक्लार्कना वाटतं, की कागदावर आल्यामुळेच सगळं सुरळीत झालं. भेटीचा काटा मी साडूंकडून परत आणला, उघडला, चार ग्रॅमची खोट काढली आणि शिशाचं सील दाबलं. पकड कारखान्याला परत करायची राहिली आहे. आता महिन्यातून एकदा त्यावर मुलांची वजनं होतात. चुंबकाला काम उरलेलं नाही, पण ती अजून रोज संध्याकाळी पायपुसण्यावरून फिरवते. म्हणते, एकदा तपासायचं म्हटलं की तपासायचं.

नव्या घरातला पहिला दिवस. बाराव्या वहीचं पहिलं पान. आठ मुलं आली, संध्याकाळी आठ गेली. अंगणातल्या खुर्च्या आत घेऊन मी वही मिटायला उचलली, तर आठ नावांखाली नववी ओळ होती. नाव माझं. 'आला' या रकान्यात तेच दोन शब्द, फक्त मला मान देऊन 'होते' असं लिहिलेलं. 'गेला' कोरा. फीचा रकाना अर्थातच कोरा, माझा दर अजून ठरलेला नाही.

आणि नेणाऱ्याची सही म्हणून जो रकाना असतो, त्यात तिनं स्वतःची सही करून ठेवली होती.